डुक्कर कोणी आणायचं?

सलोख्याच्या दिवशी सकाळी सगळं हजर होतं, फक्त डुक्कर नव्हतं.

नदीतला दगड आणून ठेवला होता. चौघांनी उचलला आणि चौदा जणांनी सल्ला दिला, त्यामुळे त्याला अंगणात यायला दोन दिवस लागले. त्याच्यासाठी खड्डा खणून तयार होता. मोडायला दोन धनुष्यं होती. एक खरं, दुसरं शाळेच्या नाटकातलं, कारण खरी धनुष्यं मोडून मोडून आता गावात उरलेलीच नाहीत. इतके सलोखे झाले या बेटावर. भट्टीतले दगड पहाटेपासून तापत होते. सुपारीचे घोस, चुना भरलेले सुके भोपळे, केळीची पानं, रताळ्यांचे ढीग, मुखिया पायस, आणि मुखिया पायस यांचा बॅटरीवर चालणारा कर्णा. स्वातंत्र्याच्या मतदानाआधी प्रत्येक घरानं युद्धातली भांडणं मिटवून घ्यावीत, असं वरून सांगणं आलं होतं. मुखियांनी मोरोकाई गावातली अकरा भांडणं मिटवली होती. लुडविनाच्या घरचं बारावं.

आमच्या पूर्वजांनी एक सोय करून ठेवली आहे. बूगनव्हिलच्या पुरुषांना ‘चुकलो’ हा शब्द उच्चारता येत नाही. तिथं जीभच वळत नाही. म्हणून ज्याची चूक, त्यानं डुक्कर आणायचं. दोरी धरून अंगणात आला की झालं, तोंड उघडावं लागत नाही. मग डुक्कर भट्टीत जातं, दगड खड्ड्यात जातो, आणि झालेली गोष्ट त्या दगडाखाली जाते. त्यानंतर तिच्याविषयी कोणी कोणाला काही विचारायचं नाही. जन्मभर नाही.

यंदा डुक्कर समोरच्यानं आणायचं आहे, याची दोन्ही बाजूंना पक्की खात्री होती.

“ट्रकमधून काय काय उतरलं?” स्कोलास्टिकानं भावजयीला विचारलं. स्कोलास्टिका ही लुडविनाची मुलगी. आमच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते, त्यामुळे हे अंगण, ही भट्टी आणि आजची सगळी डोकेदुखी तिचीच होती.

“आठ माणसं, केळीचे दोन घड आणि बिस्किटांचं खोकं,” पेर्पेतुआ म्हणाली.

“आणि?”

“आणि एक छत्री.”

“डुक्कर?”

“छत्रीखाली तरी दिसलं नाही.”

स्कोलास्टिकानं हातातली रताळी खाली ठेवली. “म्हणजे तो छावणीवाला माझ्या भावाच्या जिवाबद्दल बिस्किटं घेऊन आलाय?”

“क्रीमची आहेत,” पेर्पेतुआ म्हणाली. तिला नवऱ्याच्या घरच्या लोकांचं दुःख कळायचं, पण ते ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

भाऊ म्हणजे बेनो, लुडविनाचा थोरला. खाणीवरून पेटलेलं युद्ध तेव्हा पाचव्या वर्षात होतं. सरकार समुद्रातून काही येऊ देत नव्हतं. मीठ नाही, काडेपेटी नाही, हिवतापाची गोळी तर स्वप्नातसुद्धा नाही. बेनो दवाखान्यात मदतनीस होता. तो लहान होडीतून पलीकडच्या बेटांवर जायचा आणि पिशवीभर औषध घेऊन किनाऱ्यावरून डोंगर चढून यायचा. चार वेळा आला. पाचव्या वेळी पिशवी आली, बेनो आला नाही. पिशवी सापडली धाकट्या भावाला, पेर्पेतुआच्या नवऱ्याला, तार्सीला, नदीकाठच्या वाटेवर. त्या वाटेच्या समोरच्या काठावर तेव्हा अँब्रोसची टोळी होती.

अँब्रोस लुडविनाच्या बहिणीचा मुलगा. आमच्यात मावशी म्हणजे आईच आणि मावसभाऊ म्हणजे सख्खा भाऊ. पण युद्धात तार्सी जंगलवाल्या बंडखोरांबरोबर गेला आणि अँब्रोस सरकारच्या छावणीकडे. तेव्हापासून या घरात अँब्रोसचं नाव कोणी घेत नसे. ‘तो छावणीवाला’ एवढंच. सव्वीस वर्षं त्याची मुलं शाळेत लांबच्या वाटेनं गेली. जवळची वाट स्कोलास्टिकाच्या जमिनीतून होती.

लुडविनाला हवी होती फक्त हाडं. थोरल्याला आपल्या जमिनीत, आपल्या आईशेजारी ठेवायचं आणि मग आपणही तिथं जाऊन पडायचं. गेल्या चार वर्षांत तिनं तीनदा मरण जाहीर केलं होतं, नातेवाईक बोटीनं आले होते, आणि तिन्ही वेळा तिनं ते रद्द केलं होतं. “बेनो आल्याशिवाय नाही,” ती म्हणायची. पण या पावसाळ्यात ती खरंच वाळली होती. हे चौथं मरण रद्द होणार नाही, हे स्कोलास्टिकाला तिला आंघोळ घालताना कळायचं.

*

अँब्रोस ट्रकपाशी, दोन्ही बाजूंमध्ये आखलेल्या रेषेच्या अलीकडे उभा होता आणि डुकराचाच विचार करत होता.

डुक्कर ट्रकमध्ये चढलं होतं. पहाटे त्यानं स्वतः चढवलं होतं. मग बायको दारात आली. “खुशाल ने,” ती म्हणाली, “आणि गळ्यात पाटी पण घाल, मी मारलं म्हणून.” अर्ध्या तासानं डुक्कर उतरलं आणि बिस्किटं चढली.

मारलं का, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. छावणीतल्या सैनिकांनी त्यांना बंदुका दिल्या होत्या, पण अक्कल घरून आणायला सांगितली होती. बेनो नाहीसा झाला त्या सोमवारी संध्याकाळी पलीकडच्या झाडीत पानं हलली, कोणीतरी ओरडलं ‘झाडा’, आणि सगळ्यांनी झाडल्या. त्यानंही. कशावर? पानांवर. युद्ध संपल्यावर त्यानं पिशवीची हकिकत ऐकली, आणि तेव्हापासून ती पानं रोज हलत होती.

“अँब्रोस,” झाडाखालच्या चटईवरून आवाज आला. “तिकडं काय राखणदारासारखा उभा आहेस? इकडं ये.”

“मावशी, दगड पुरेपर्यंत आम्ही रेषेच्या अलीकडेच...”

“माझी नजर रेषेपर्यंत पोचत नाही. किती म्हातारा झालायस ते बघायचंय.”

तो रेषेवर येऊन उभा राहिला. लुडविनानं डोळे बारीक केले.

“टक्कल पडलं की रे. तुझ्या बापासारखं. बरं झालं, कशात तरी बापावर गेलास.”

सव्वीस वर्षांनी कोणीतरी त्याला त्याच्या बापावरून बोललं होतं. त्याचा हात आपोआप टकलाकडे गेला.

*

“बंधुभगिनींनो,” कर्णा खरखरला. मुखियांच्या समोर तीस माणसं बसली होती, त्यातलं सर्वांत लांबचं दहा पावलांवर. “डुकराची थोडी अडचण आहे. ती सुटेपर्यंत आपला लढवय्या तार्सी युद्धाच्या आठवणी सांगेल.”

तार्सी उठलाच होता. बारसं असो, मयत असो, चर्चच्या छपराची बैठक असो, त्याच्या आठवणींना जागा मिळायचीच. तो होता साधा शिपाई. त्यातही स्वयंपाकाचा, टोळीचं मोठं पातेलं पाठीवर घेऊन डोंगर चढणारा. पण दरवर्षी आठवणींना थोडं खतपाणी मिळत गेलं आणि आता तो निम्मं युद्ध एकट्यानं जिंकायचा. टोळीचा कप्तान होणं नशिबात नव्हतं, म्हणून घरच्या डुकराचं नाव त्यानं कॅप्टन ठेवलं होतं.

“माझी बंदूक,” तार्सीनं सुरुवात केली, “मी स्वतः बनवलेली. दवाखान्याच्या पाण्याचा नळ, पलंगाची स्प्रिंग आणि पेरूचं लाकूड.”

“म्हणून त्या दवाखान्यात अजून पाणी येत नाही,” पेर्पेतुआ म्हणाली.

“गोळी जपान्यांच्या वेळची. पन्नास वर्षं मातीत पडलेली. वाळूनं घासली, लख्ख!”

“आमच्याकडे तुमच्या त्या नळाला फार घाबरायचे,” अँब्रोसच्या बाजूचा एक जण म्हणाला. “पुढं उभं राहणाऱ्यापेक्षा मागं उभं राहणाऱ्याला जास्त धोका.” दोन्ही बाजू हसल्या. सलोखा डुकराविनाच होतोय की काय, असं क्षणभर वाटलं.

“हसा,” तार्सी म्हणाला. “पण ती एकदाही अडकली नाही. आणि खायचं काय? कच्ची केळी आणि रानातलं अळू. मीठ म्हणून समुद्राचं पाणी, तेही बांबूच्या नळीतून दोन दिवस चालत आणलेलं. पायात जळवा, पोटात जंत. रात्री हिवतापानं सगळी टोळी थडथडायची, शत्रूला वाटायचं ढोल वाजतायत. पण लढलो! सोमवारी आमचा मुक्काम नदीवर होता. कप्तान म्हणाला, तार्सी, पहारा तुझ्यावर. मी पातेलं उतरवलं, अळू चढवलं, झाकण ठेवलं. आणि गुरुवारी आम्ही पुलावर असा हल्ला चढवला...”

“मंगळवारी काय झालं?” लुडविना म्हणाली.

“काय?”

“तू दर वेळी सोमवारी अळू चढवतोस आणि गुरुवारी उठतोस. शिजायला एवढा वेळ लागतो?”

लोक पुन्हा हसले. तार्सीही हसला, पण जरा उशिरा.

“मंगळवारी काही झालं नाही, आई. सैन्यात बरेचसे दिवस काही होतच नाही.”

“असेल. मी सैन्यात नव्हते. आणि ते झाकण कुठं हरवलं? पुलावर तू म्हणतोस, बिनझाकणाचं अळू खाऊन लढलो. सगळ्यांची जीभ खाजत होती.”

“झाकण?” तार्सी म्हणाला. “हरवलं असेल कुठंतरी. युद्ध होतं, आई. माणसं हरवली, तू झाकणाचं काय घेऊन बसलीस?”

या वाक्यानंतर कोणी हसलं नाही. तार्सी खाली बसला आणि सुपारी सोलायला लागला.

मुखियांनी परिस्थिती ओळखली. अकरा सलोख्यांचा अनुभव होता. “मी काय म्हणतो,” कर्ण्यातून आवाज आला, “काळ बदललाय. दुकानात डुकराचं मांस डब्यात मिळतं. दोन्ही बाजूंनी मिळून सहा डबे आणू. कोणाचं डुक्कर हा प्रश्नच नको. दगड पुरू, धनुष्यं मोडू, सगळे मोकळे.”

“उत्तम!” तार्सी चटकन म्हणाला. “देव भाव बघतो, डुक्कर नाही बघत. मीच जातो दुकानात.”

स्कोलास्टिकानं भावाकडे पाहिलं. लहानपणापासून तिनं त्याला दुकानात पाठवलं होतं आणि एकदाही तो न कुरकुरता गेला नव्हता. आज तो चपला शोधत होता. सहा डबे आले की दगड खाली जाईल, आणि बेनोचं नाव त्याच्याबरोबर. मग कोणाला विचारायचं? तिनं काही बोलायच्या आतच चटईवरून आवाज आला.

“पायस, तो कर्णा खाली ठेव. मी बहिरी नाही, मरायला टेकलेय. ज्याचं डुक्कर त्याची चूक, बरोबर?”

“बरोबर, आजी.”

“डब्यातलं डुक्कर कोणाचं? दुकानदाराचं. म्हणजे माझ्या बेनोला दुकानदारानं मारलं?”

मुखियांनी कर्णा खरंच खाली ठेवला. दुकानदार समोरच बसला होता, तो घाईघाईनं म्हणाला, “मी तेव्हा शाळेत होतो.”

“मग डुक्कर आल्याशिवाय दगड हलणार नाही,” लुडविना म्हणाली. “मी बसलेय. मला दुसरं काही काम नाही.”

सूर्य डोक्यावर आला. भट्टीतले दगड रिकामेच लाल होत राहिले. तेव्हा अँब्रोसनं रेषा ओलांडली. त्याची बायको मागून काहीतरी म्हणाली, त्यानं ऐकलं नाही.

“मावशी, डुक्कर आहे. घरी बांधलंय. मी घेऊन येतो.”

तो चटईसमोर उकिडवा बसला.

“त्या संध्याकाळी पलीकडून आम्ही गोळ्या झाडल्या. मीही. कोणाला लागली, मला दिसलं नाही. आम्ही नदी ओलांडली नाही. पण झाडली, हे खरं.”

“म्हणजे त्याला कुठं ठेवलंय, ते तुला माहीत नाही?”

“नाही, मावशी. माहीत असतं तर सव्वीस वर्षं लांबच्या वाटेनं गेलो असतो का?”

लुडविनानं मान हलवली. ती कशासाठी मान हलवत होती ते स्कोलास्टिकाला कळलं. आईला खुनी मिळाला होता, मुलगा नव्हता.

*

तार्सीनं काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. आणि बसण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

अँब्रोस ट्रककडे निघाला होता. तासाभरात डुक्कर येईल. मग कोणी विचारणार नाही. दगडाचं हे बरं असतं. अँब्रोसची मुलं जवळच्या वाटेनं जातील, लोक म्हणतील, चला, मिटलं एकदाचं. पुढच्या बारशाला आठवणी सांगायच्या: नळ, स्प्रिंग, पेरूचं लाकूड. सोमवार, मग गुरुवार.

त्यानं चुना लावलेली सुपारी तोंडात टाकली आणि तोंड भाजलं. चुना जास्त झाला होता. चाळीस वर्षं सुपारी खाणाऱ्या माणसाचा चुना जास्त होत नाही.

अँब्रोस चालताना डावा पाय किंचित ओढत होता. हा पाय तार्सीला माहीत होता. तार्सी सात वर्षांचा असताना नदीच्या पुरात अडकला, तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन काढणारा अँब्रोसच होता आणि खडकावर घसरून पाय त्याचाच मोडला होता. बेनो काठावर उभा राहून दोघांना शिव्या घालत होता.

तार्सी उठला.

“कुठं?” पेर्पेतुआनं विचारलं.

“आलोच.”

पुरुष ‘आलोच’ म्हणून उठले की झाडीकडे जातात, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. पेर्पेतुआनंही नाही. तिनं वर पाहिलं ते ओरडणं ऐकून. तिच्या भाजीच्या वाफ्यातून, भोपळ्याचे वेल तुडवत, एक माणूस आणि एक डुक्कर येत होते. माणूस दोरी पुढं ओढत होता, डुक्कर मागं. कॅप्टन. तिनं पोरीच्या लग्नासाठी तीन वर्षं वाढवलेला, पपया आणि खोबरं खाऊन माजलेला.

“अरे तार्सी! ते माझं डुक्कर आहे!” ती उठली. मग तिनं दोरी पाहिली, दोरी धरलेला हात पाहिला, आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस अंगणाकडे येतोय. ती हळूच खाली बसली. सगळ्या अंगणाला ते तिच्या आधी कळलं होतं.

मुखियांचा हात सवयीनं कर्ण्याकडे गेला. स्कोलास्टिकानं तो कर्णा पायानं बाजूला सरकवला.

तार्सी ट्रकपाशी गेला. आपल्या बाजूला नाही, रेषेच्या पलीकडे. त्यानं दोरी अँब्रोससमोर धरली.

“धर, दादा.”

अँब्रोसनं दोरी धरली. आता ती न धरणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. डुकरानं त्या दोघांकडे पाहिलं आणि ते तिथंच आडवं पडलं.

तार्सी आईसमोर येऊन मांडी घालून बसला. पूर्वजांनी केलेली सोय तिथंच संपत होती. न बोलता जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं होतं.

“ती बंदूक,” तो म्हणाला, “सगळ्या युद्धात एकदाच उडाली, आई.”

लुडविना चटईवर थोडी पुढं सरकली.

“एरवी दर वेळी अडकायची. पुलावर अडकली. पूल मी नाही जिंकला, मी मागं अळू ढवळत होतो. सोमवारी मी एकटा पहाऱ्यावर होतो. अंधारून आलं होतं. पलीकडून गोळ्या सुरू झाल्या. मी घाबरलो. तेवढ्यात मागून वाटेवर कोणीतरी पळत आलं. तो गोळ्यांपासून पळत आमच्याकडे येत होता. मी वळलो आणि चाप ओढला. मला वाटलं, नेहमीसारखी अडकेल.”

“बोलला काही?”

“‘पिशवी ओली होऊ देऊ नको’ म्हणाला.”

पेर्पेतुआनं तोंडावर हात धरला. त्या पिशवीतल्या गोळ्यांनी त्या वर्षी गावातली नऊ मुलं वाचली होती. त्यांच्यातला एक आत्ता भट्टीपाशी लाकडं लोटत होता, चांगला दाढीमिशांचा.

“मग?” लुडविना म्हणाली.

“खणायला काही नव्हतं. झाकणानं खणलं. मंगळवार गेला त्यात, बुधवारही. खोल जाईना, मुळं होती.” तार्सीनं हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं. “मग त्याच्या तोंडावर माती पडायला लागली, ते मला बघवेना. म्हणून झाकण तोंडावर ठेवलं. अजून तिथंच असेल. मला ओळखू येईल जागा. मी दरवर्षी जातो.”

स्कोलास्टिकाच्या मनात त्याला मारायचं आलं. तिचा हात उचललाही गेला होता. पण आई काय करते त्याकडे तिचं लक्ष होतं, आणि हात तसाच राहिला.

लुडविनानं धाकट्या मुलाकडे पाहिलं. तिनं त्याला माफ केलं की नाही, ते तेव्हा कोणाला कळलं नाही, आणि नंतरही तिनं कोणाला सांगितलं नाही.

“इथून किती लांब आहे?” तिनं विचारलं.

“नदीच्या वळणावर. अर्धा तास.”

“अर्धा तास,” लुडविना म्हणाली. “तीनदा मेले मी, आणि हा अर्ध्या तासावर होता.”

तिनं हात पुढे केला. तार्सीनं तो धरायला हात लांबवला. तिनं तो बाजूला सारला आणि अँब्रोसला खूण केली. अँब्रोसनं दोरी बायकोच्या हातात दिली, रेषा ओलांडून आला आणि मावशीला उचललं. ती इतकी हलकी होती की तो दचकला.

“आजी, आधी दगडाचं...” मुखिया म्हणाले.

“दगड कुठं पळून जात नाही, पायस. तो आम्ही परत आल्यावर पुरू. स्कोला, कुदळ घे आणि माझी ती नवी चटई घे, न वापरलेली. तार्सी, तू पुढं हो, वाट दाखव. आणि भट्टी विझू देऊ नका कोणी.” तिनं अँब्रोसच्या खांद्यावरून मागं तीस माणसांकडे पाहिलं. “जेवायला माझा थोरला येतोय.”